डुआयडी परत आला: मराठी विकिपीडियावर प्रतिबंधित सदस्य नव्या नावाने येतो तेव्हा काय करायचं

मराठी विकिपीडियावर एका सदस्याला प्रतिबंध लागतो. कारण नेहमीचंच असतं. ऐतिहासिक व्यक्तीच्या लेखातली जात वारंवार बदलणं, स्वतःच्या संस्थेची जाहिरात लेख म्हणून चिकटवणं, नाहीतर चर्चापानावर शिवीगाळ. आठवडाभराने त्याच लेखात, त्याच परिच्छेदात, तोच बदल करणारं एक कोरं खातं उगवतं. मराठी संस्थळांवर वावरलेल्या कोणालाही हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. तिकडे त्याला डुआयडी, म्हणजे डुप्लिकेट आयडी, म्हणतात, विकिपीडियावर सॉकपपेट.

इंग्रजी विकिपीडियावर अशा प्रकरणांसाठी स्वतंत्र चौकशीचं पान आहे, कारकून आहेत, तपासनीस आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र अशा वेळी हाताशी असतात ते एक-दोन प्रचालक (ॲडमिन) आणि एक वैतागलेला संपादक. माणसं कमी असली की राग लवकर येतो आणि प्रत्येक नव्या खात्यात जुना शत्रू दिसायला लागतो. म्हणून क्रम ठरवून घ्यावा. आधी लेख सांभाळायचा, मग पुरावा, मग तक्रार. मागे कोण आहे हा प्रश्न बऱ्याचदा सोडवावाच लागत नाही.

आधी बघा: प्रतिबंध खात्यावर आहे की माणसावर?

प्रतिबंध म्हणजे ब्लॉक ही तांत्रिक गोष्ट आहे. प्रचालक बटण दाबतो आणि ते खातं संपादन करू शकत नाही. बंदी हा निर्णय असतो आणि तो त्या माणसाला लागू होतो, त्याने कोणतंही नाव घेतलं तरी. नव्या खात्याबद्दल तक्रार करण्याआधी जुन्या खात्याच्या प्रतिबंध नोंदी उघडा आणि मुदत, कारण वाचा. मुदत संपली असेल आणि तो माणूस नव्या खात्याने शांतपणे काम करत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. जुना पासवर्ड विसरून नवं खातं काढणारेही पुष्कळ असतात. सदस्यनावच नियमात बसत नाही म्हणून ज्याला अडवलं, त्याला तर नवं नाव घ्यायला आपणच सांगतो.

काही दुसरी खाती उघडपणे चालतात. सांगकामे म्हणजे बॉट चालवणाऱ्यांचं वेगळं खातं असतं. सायबर कॅफेतून किंवा कॉलेजच्या संगणकावरून वापरायला काही प्रचालक बिनअधिकाराचं खातं ठेवतात. सदस्यपानावर तसं लिहिलेलं असलं की झालं. दोन खात्यांनी एकाच चर्चेत दोन मतं देणं, एकाने भांडायचं आणि दुसऱ्याने मध्यस्थ बनून यायचं, किंवा प्रतिबंध चुकवायचा, हे मात्र चालत नाही.

पुरावा: वागणुकीतून माणूस ओळखणं

बदकासारखं दिसतं, बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं, तर ते बदकच. विकिपीडियावर याला बदक चाचणी म्हणतात आणि बहुतेक प्रकरणं हिच्यावरच निकाली निघतात. पण ‘मला तसं वाटतं’ म्हणजे बदक चाचणी नव्हे. प्रत्येक खुणेला फरकाचा, म्हणजे डिफचा, दुवा हवा.

सुरुवात योगदानाच्या पानापासून करा. जुन्या आणि नव्या खात्याचं सदस्य योगदान शेजारी-शेजारी उघडा. नव्या खात्याची पहिली पाच-दहा संपादनं फार बोलकी असतात. खरा नवखा माणूस शुद्धलेखन सुधारतो, साचा (टेम्प्लेट) मोडतो, सही करायला विसरतो, धूळपाटीवर म्हणजे सरावाच्या पानावर खेळतो. पहिल्याच दिवशी साचे नेमके लावणारा, संदर्भाचे टॅग बिनचूक टाकणारा, चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामाईक चर्चापानावर, जुन्या वादाचा हवाला देणारा सदस्य कुठून तरी शिकून आलेला असतो. इंग्रजी किंवा हिंदी विकिपीडियावरूनही आलेला असेल. म्हणून त्याचं जागतिक, म्हणजे सगळ्या विकींवरचं, योगदान पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग सामाईक लेख पाहा. टूलफोर्ज या विकिमीडियाच्या साधनांच्या संस्थळावर एडिटर इंटरॅक्शन अनालायझर नावाचं साधन आहे. खात्यांची नावं आणि विकी दिला की दोन्ही खात्यांनी संपादित केलेली पानं आणि त्या संपादनांमधलं अंतर ते दाखवतं. इथे एक पथ्य आहे. दोघांनीही ‘महाराष्ट्र’ किंवा ‘शिवाजी महाराज’ हा लेख संपादित केला असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण ते लेख सगळेच उघडतात. दोघांनीही कुठल्या तरी तालुक्यातल्या एकाच छोट्या शिक्षणसंस्थेच्या लेखात अध्यक्षांच्या नावामागे तेच विशेषण जोडलं असेल, तर त्याला वजन आहे.

मराठीत आणखी एक पुरावा मिळतो, तो इंग्रजीतल्या तपासनिसांना इतक्या सहज मिळत नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुधारणाऱ्या’ या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे असतात. ‘ॲ’चंही तसंच आहे. काही कळफलक एकच अक्षर देतात, तर काही ‘अ’वर चंद्र चढवतात. मजकूर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराचा संगणकी क्रमांक, दाखवणाऱ्या एखाद्या साधनात चिकटवला की कोण कसा टंकतो ते कळतं. याच्या जोडीला नेहमीच्या सवयी असतातच. ‘पुण्या मध्ये’ असं तोडून लिहिणं, पूर्णविरामाआधी जागा सोडणं, आकडे देवनागरी की रोमन, ‘आणि’ऐवजी सर्रास ‘व’, प्रत्येक वाक्यात ‘सदर’, ठरावीक शब्दात हमखास चुकणारा दीर्घ उकार. संपादन सारांशात, म्हणजे बदलासोबतच्या छोट्या टिपेत, काय लिहितो, की काहीच लिहीत नाही, तेही बघा.

यातली एकच खूण हाती असेल तर ती कुचकामी आहे. एकाच फोन कळफलकाने टंकणारे लाखो लोक आहेत आणि शाळेत ‘सदर’ शिकलेले त्याहून जास्त. पाच-सहा स्वतंत्र खुणा एकाच खात्यात जमल्या तर बोला. शिवाय उलट पुरावाही मुद्दाम शोधा. दोन्ही खाती एकाच मिनिटाला दोन वेगळ्या लेखांत लांबलचक मजकूर टाकत असतील, किंवा एक जण संदर्भ काटेकोर देतो आणि दुसऱ्याला संदर्भ म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तर स्वतःचा संशय तपासून घ्या.

हे सगळं इथे उघड लिहिलं तर डुआयडीवालेही वाचतील, असं कोणी म्हणेल. वाचू देत. र टंकायची पद्धत बदलता येते, पण वादात पडल्यावर माणूस ज्या सुरात भांडतो तो सूर सहसा बदलता येत नाही. मात्र चालू प्रकरणात ‘तू अमुक चूक करतोस म्हणून ओळखलं’ असं त्याच्या चर्चापानावर कधीच लिहू नका. पुढच्या खात्यात ती चूक नसेल.

कार्यशाळेची पोरं डुआयडी नसतात

निरपराध माणसं सर्वात जास्त अडकतात ती इथे. मराठी भाषा गौरव दिनाच्या म्हणजे २७ फेब्रुवारीच्या सुमाराला महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. एका तासात वीस-तीस नवी खाती निघतात, सगळ्यांचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) कॉलेजचा, सगळ्यांची सुरुवात एकाच पद्धतीने आणि लेखही बहुधा गावाबद्दलचा किंवा प्राचार्यांनी सुचवलेल्या लेखकाबद्दलचा. लांबून पाहणाऱ्याला हा डुआयडींचा कारखाना वाटतो. अशा वेळी आधी एखाद्या सदस्याच्या चर्चापानावर विचारा, की तुम्ही कार्यशाळेतून आलात का, संयोजक कोण. आयोजकांनीही चावडीवर आधी सूचना टाकावी. एका आयपीवरून दिवसाला सहाच खाती काढता येतात. त्यापेक्षा जास्त लागणार असतील तर ती मर्यादा वाढवून घेण्याची विनंती काही दिवस आधी करावी लागते. ज्यांना ही मर्यादा माहीत नसते त्यांची सातव्या विद्यार्थ्यापाशी धांदल उडते.

दुसरा घोळ मोबाइल नेटवर्कचा. भारतातल्या मोबाइल कंपन्या एका आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या आयपी) पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात. नागपूरचा आणि नाशिकचा माणूस एकाच पत्त्यावर दिसू शकतो. नवरा-बायको, भावंडं, एकाच वर्तमानपत्राच्या कचेरीतले सहकारी हेही तसेच.

तिसरा प्रकार मित्रांना बोलावून आणण्याचा. व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘सगळ्यांनी जाऊन या लेखात बदल करा’ असा निरोप फिरतो आणि दहा खरी माणसं एकच वाक्य घेऊन येतात. ती डुआयडी नसतात, पण चर्चेत त्यांची दहा मतं दहा म्हणून मोजायचीही नसतात. मतमोजणी सोडून मुद्दा पाहिला की हा प्रश्न आपोआप मिटतो. गरज वाटली तर लेख काही दिवस सुरक्षित करावा, म्हणजे नव्या खात्यांना त्यात बदल करता येत नाही.

तक्रार कशी लिहायची

पुरावा जमला की तो प्रचालकांसाठीच्या पानावर किंवा सक्रिय प्रचालकाच्या चर्चापानावर मांडा. लेखाच्या चर्चापानावर आरोप करू नका. तिथे मजकुरावरच बोलायचं. तक्रार छोटी हवी. साधारण अशी:

‘सदस्य अ यांना जाहिरातबाजीसाठी अनिश्चित काळाचा प्रतिबंध आहे (दुवा). सदस्य ब हे खातं त्यानंतर नऊ दिवसांनी उघडलं. दोघांनी अमुक संस्थेच्या लेखात तोच परिच्छेद जोडला (दोन फरकांचे दुवे). वगळण्याच्या चर्चेत दोघांनी तेच वाक्य लिहिलं (दोन दुवे). दोघेही संस्थेच्या नावात तीच चूक करतात (दोन दुवे). विरुद्ध जाणारी गोष्ट: सदस्य ब यांनी चित्रपटांच्या लेखांतही चांगली भर घातली आहे. कृपया पाहावं.’

शेवटची ओळ गाळू नका. ज्या तक्रारीत विरुद्ध बाजूही लिहिलेली असते, तिच्यावर प्रचालक विश्वास ठेवतो. सदस्याचं खरं नाव, नोकरी, गाव, फेसबुकचं खातं यांतलं काहीही तक्रारीत येता कामा नये, ते सहज सापडलं असलं तरी.

चेकयूजर केव्हा मागायचा

वागणुकीवरून स्पष्ट होत असेल तर तांत्रिक तपासाची गरज नाही. शंका खरोखर अर्धवट असेल, किंवा मागे आणखी खाती दडलेली असण्याची शक्यता असेल, तर चेकयूजर, म्हणजे खात्यांचा तांत्रिक तपास, मागावा. हा अधिकार मोजक्याच लोकांकडे असतो आणि त्यासाठी त्यांनी गोपनीयतेचा करार केलेला असतो. ज्या विकीवर स्थानिक चेकयूजर नाहीत, तिथली विनंती मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकींच्या सामाईक कामकाजाच्या विकीवर, स्टुअर्डांच्या (सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या सदस्यांच्या) विनंतीपानावर करायची. स्टुअर्डांना मराठी येत असेल असं धरून चालू नका. विनंती सोप्या इंग्रजीत लिहा, प्रत्येक मराठी वाक्याचा अर्थ एका ओळीत द्या, आणि वेळ लिहिताना ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की भारतीय हे नमूद करा. साडेपाच तासांच्या फरकाने पुरावा उलटाही फिरतो.

तपासनिसाला खात्यांचे आयपी पत्ते आणि ब्राउझर, यंत्र यांबद्दलची तांत्रिक माहिती दिसते. ही माहिती ९० दिवसच साठवली जाते. जुनं खातं चार महिन्यांपूर्वी बंद झालं असेल तर तुलना करायला काही उरत नाही, मग वागणुकीचाच आधार. उत्तर ‘खात्रीशीर’, ‘संभाव्य’, ‘शक्य’, ‘असंबंधित’ अशा पायऱ्यांत येतं. ‘शक्य’ म्हणजे दोघं एकाच मोठ्या नेटवर्कवर आहेत इतकंच असू शकतं. ते वाचून कोणाला दोषी ठरवू नका. ‘असंबंधित’ उत्तरानेही सगळं संपत नाही, कारण व्हीपीएन (खरा पत्ता लपवणारी सेवा) वापरणाऱ्याचा पत्ता कुठलाही दिसेल. कारण नसताना ‘जरा सगळ्यांना तपासून बघा’ असं म्हटलं तर विनंती फेटाळली जाते, आणि ते योग्यच आहे.

खातं न उघडता केलेल्या संपादनांबाबत आता एक बदल झाला आहे. पूर्वी तिथे आयपी पत्ता सगळ्या जगाला दिसायचा. आता विकिमीडियाच्या विकींवर त्याऐवजी तात्पुरतं खातं तयार होतं, ते जास्तीत जास्त ९० दिवस टिकतं, आणि पत्ता ठरावीक अधिकार असलेल्यांनाच, अटी मान्य केल्यावर दिसतो. ब्राउझरमधली कुकी पुसली की पुढच्या संपादनाला नवं तात्पुरतं खातं मिळतं. त्यामुळे एकाच माणसाची चार तात्पुरती खाती दिसली म्हणून त्यात लबाडी असेलच असं नाही.

ठरल्यावर: प्रचालकाचं काम

डुआयडीच्या खात्याला अनिश्चित प्रतिबंध लावा. खाती उघडण्याला मनाई आणि स्वयंचलित प्रतिबंध हे दोन्ही पर्याय चालू ठेवा. स्वयंचलित प्रतिबंध त्या खात्याने शेवटी वापरलेल्या पत्त्याला आपोआप लागतो आणि २४ तासांनी सुटतो. रागाच्या भरात लगेच दुसरं खातं काढणारा त्यात अडकतो. चर्चापान आणि ईमेल सुरुवातीला उघडेच ठेवा. तिथे शिवीगाळ झाली तर मग बंद करा. तो माणूस निर्दोष असेल तर दाद मागायला त्याच्याकडे तेवढीच जागा असते.

पत्त्यांच्या पट्ट्यावर प्रतिबंध घालताना हात आखडता घ्या. आयपीव्ही४ मध्ये /१६ हा सर्वात मोठा पट्टा अडवता येतो, म्हणजे ६५,५३६ पत्ते. भारतीय मोबाइल नेटवर्कवर एवढा पट्टा बंद केला तर अख्ख्या जिल्ह्यातला नवखा वाचक ‘संपादन करा’ दाबल्यावर आपल्याला का अडवलं याचा विचार करत बसेल. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत /६४ हा पट्टा बहुधा एकाच ग्राहकाचा असतो. तो थोड्या दिवसांसाठी अडवायला सहसा हरकत नसते. एकाच लेखावर सगळा जोर असेल तर पट्टा सोडून तो लेखच सुरक्षित करा. तेच वाक्य, तोच दुवा पुन्हा पुन्हा येत असेल तर संपादन गाळणी, म्हणजे ठरावीक बदल आपोआप अडवणारा नियम, लावता येते, आणि तिचा तपशील सर्वांपासून लपवताही येतो. तोच माणूस हिंदी, इंग्रजी आणि कॉमन्सवरही (चित्रं-फाइलींच्या सामाईक विकीवर) फिरत असेल तर मेटावर जागतिक कुलुपाची, म्हणजे खातं सगळ्या विकींवर बंद करण्याची, विनंती करा.

त्याने केलेल्या संपादनांचं काय? इंग्रजी विकिपीडियावर बंदी चुकवून केलेली संपादनं कोणीही उलटवू शकतो, आणि इतर कोणी विशेष भर न घातलेले त्याचे लेख झटपट वगळता येतात. मराठीत मी इतकं सरसकट करणार नाही. जन्मतारीख संदर्भासह दुरुस्त केली असेल तर ती चुकीची करून ठेवण्यात वाचकाचं नुकसान आहे. ती ठेवा, पण ठेवणाऱ्याने संदर्भ स्वतः उघडून पाहावा आणि जबाबदारी आपल्या नावावर घ्यावी. जाहिरात, जातीचे दावे, हयात व्यक्तीबद्दलचा बिनसंदर्भ मजकूर मात्र विचार न करता काढा.

पैसे घेऊन लिहिणाऱ्यांचं प्रकरण असेल तर एक खातं सापडल्यावर थांबू नका. ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियावर ऑरेंजमूडी या नावाने ओळखल्या गेलेल्या टोळीची ३८१ खाती एकदम बंद झाली आणि २१० लेख वगळले गेले. नाकारलेले मसुदे हेरायचे, संबंधित धंद्याकडे पैसे मागायचे, लेख चढवायचा, आणि मग लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी पुन्हा पैसे, अशी पद्धत होती. कामं वाटलेली होती. काही खाती लेख लिहीत, काही छोटी निरुपद्रवी संपादनं करून जुनी होत. अशी झोपलेली खाती शोधायलाच चेकयूजर लागतो.

बोलायचं किती

उलटवा, अडवा, दुर्लक्ष करा. काही डुआयडींना लेखाशी देणंघेणं नसतं. आपल्या नावाने चावडीवर रणकंदन माजावं, एवढीच इच्छा असते. अशांच्या खात्यांच्या लांब याद्या करणं, त्यांना टोपणनाव देणं, संपादन सारांशात टोमणे मारणं म्हणजे त्यांना हवं ते देणं. सारांशात ‘प्रतिबंध चुकवून केलेले संपादन’ एवढं पुरतं. वाद पुरवून पुरवून खेळणाऱ्यांच्या मराठी संस्थळांवरच्या हकिकती आठवा, धागा पेटता ठेवायला एकटा डुआयडी पुरत नाही, उत्तर देणारेही लागतात.

दुसऱ्या बाजूने, प्रकरण धमक्यांवर गेलं तर दुर्लक्ष नको. मारण्याची, आत्महत्येची भाषा असेल तर पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि विकिमीडिया फाउंडेशनच्या आपत्कालीन ईमेलवर ताबडतोब कळवा. तिथे माणूस कोण आहे याचा तपास आपण करायचा नसतो. ओळख उघड करणं तर अजिबात नाही. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात लढवलेल्या खटल्यात संपादकांची माहिती मागितली गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांच्या लेखावरून महाराष्ट्र सायबरने काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. विकिपीडियावरच्या टोपणनावामागचा माणूस उघडा पडला तर काय होऊ शकतं हे आपल्याला आता लांबून बघावं लागत नाही. तो माणूस डुआयडी असला तरी.

परतीची वाट

कधी ना कधी तो विचारतो, ‘मग मी परत येऊच शकत नाही का?’ इंग्रजी विकिपीडियावर याला ठरलेलं उत्तर आहे, तेच इथेही चालावं. सहा महिने कोणत्याही नावाने एकही संपादन नाही, ज्या वर्तनामुळे प्रतिबंध लागला ते टाळण्याचं वचन, आणि समुदायाला परतण्यावर आक्षेप घेण्याचं विशेष कारण नको. मधल्या काळात दुसऱ्या भाषेच्या विकीवर किंवा कॉमन्सवर तिथल्या नियमात राहून केलेलं चांगलं काम दाखवता आलं तर उत्तम.

विनंती जुन्या, मूळ खात्याच्या चर्चापानावर यावी. आजवर काढलेली सगळी खाती त्याने स्वतः लिहून द्यावीत. एखादं राहून गेलं आणि नंतर सापडलं तर सहा महिने पुन्हा पहिल्या दिवसापासून. प्रतिबंध काढताना ‘एकच खातं’ ही अट आणि ज्या विषयावरून वाद झाला त्या विषयापासून काही काळ लांब राहण्याची अट प्रचालकाने प्रतिबंध नोंदीत दुव्यासह लिहावी, म्हणजे दोन वर्षांनी आलेल्या प्रचालकाला ती शोधत बसावी लागणार नाही.